नाव टाकलेला ग्लास

नांदेडला स्टेशनच्या रस्त्यावर रविकांतचं टूर्सचं ऑफिस आहे. आत दोन टेबलं. एक रविकांतचं. दुसऱ्याच्या अर्ध्यावर मी बसतो. लोकांची कीर्द-खतावणी लिहिणं हा माझा धंदा, आणि माणसांची लिहिणं ही खोड. कोण कुणाला किती मान देतो, कोण किती परत करतो, हे डोक्यात आपोआप जमा आणि नावे होत राहतं. टेबलाच्या उरलेल्या अर्ध्यावर मुबश्शिरा बसते. फोन तिच्याकडं असतो. फोनवर ती मीरा.

हे नाव रविकांतनं दिलं. "मुबश्शिरा लोकांना म्हणायला येत न्हाई," हे त्याचं कारण. एकदोघांनी "काय? मुबारक?" असं विचारलं होतं, हे खरं. पण हीच माणसं तिरुवनंतपुरमचं तिकीट एका दमात, न अडखळता मागतात. मीरा झाल्यापासून गिऱ्हाइकं फोनवर जास्त वेळ बोलायला लागली, घरातल्या गोष्टी सांगायला लागली. असं का, याचा विचार रविकांतनं कधी केला नाही. ज्यात फायदा होतो त्यावर विचार करायची त्याला सवय नाही.

काशी, रामेश्वर, तिरुपती करणाऱ्या या ऑफिसला एक दिवस लातूरहून ईश्वरप्पांचा फोन आला. गंजगोलाईत भांड्यांचं मोठं दुकान त्यांचं. जिल्ह्यातली निम्मी रुखवतं तिथूनच उठतात असं ते स्वतःच सांगतात.

"मीराताई, मला घसरायचंय," ते म्हणाले.

उदगीरचे त्यांचे साडू स्वित्झर्लंडला जाऊन आले होते. पायाला फळ्या, हातात काठ्या, मागं बर्फाचा डोंगर, असा फोटो साडूंनी मोबाईलवर लावला होता आणि काही केल्या काढत नव्हते.

"उभं तर कुणीबी ऱ्हातंय फळ्यांवर. मला चालू फोटो पाहिजे, घसरतानाचा. आन् साडू गेले तिथं जायचं न्हाई. ज्या गावाचं नाव आख्ख्या लातुरात कुणी ऐकलं न्हाई, असं बघा. आम्ही गल्लीतले आठ जण येतो."

मुबश्शिरा कामाला लागली. घरी तिचे अब्बू, जिलानीभाई, शिलाई मशीन दुरुस्त करतात. बिघाड सापडेपर्यंत उठायचं नाही हे तिनं तिथूनच उचललं होतं. आल्प्सचा नकाशा तिनं भिंतीवर तिरुपतीच्या फोटोशेजारी चिकटवला. हॉटेलवाल्या बायकांना इंग्रजीत पत्रं धाडली आणि त्यांची उत्तरं आम्हाला मराठीत वाचून दाखवली. आठवडाभरात तिला उतारांचे रंग पाठ झाले. निळा सोपा, लाल मधला, काळ्याकडं बघायचंसुद्धा नाही.

ईश्वरप्पांना समजावणं हे वेगळंच काम होतं.

"काका, तिथं रिसॉर्ट म्हणजे हॉटेल नसतं. आख्खं गावच रिसॉर्ट."

"आख्खं गाव? मंग गेट कुठं असतंय?"

"गेट नसतं, काका."

"मंग आत शिरलो हे कळायचं कसं?"

सगळ्यात मऊ, न पाडणारा उतार कुठला, विमानतळावरून किती गाड्या बदलायच्या, वरण-भात कोण करून देईल, असं बघत तिचं काम चाललं होतं. तेवढ्यात त्यांचा पुन्हा फोन आला. आवाज जरा खाली घेतलेला. पण आमच्या ऑफिसचा फोन असा आहे की पलीकडचा कुजबुजला तरी दोन्ही टेबलांना ऐकू जातं.

"मीराताई, एक सांगून ठेवतो, तुम्हाला आपल्यातल्या समजून बोलतो. साडू म्हणत होते, त्या मोठ्या गावांत सगळीकडं तेच लोक. अरबस्तानातून येतात म्हणं. बुरखेच बुरखे. आपल्याकडं हायेतच, तिथंबी तेच कशाला बघायचं? अशी गावं काढा, जिथं ते नसतील."

मी लेखणी खाली ठेवली. रविकांत कपाटात काहीतरी शोधायला लागला.

"हाव काका," ती म्हणाली. "बघते."

फोन ठेवून तिनं नकाशाकडं बघितलं, मग रविकांतच्या पाठीकडं.

"सर, काकांना असं गाव पाहिजे, जिथं मी नसंन."

आणि ती हसली. खरंच हसली. रविकांतही कपाटात तोंड घालून थोडा हसला, आणि मग बराच वेळ त्याला कपाटातून बाहेर येता आलं नाही.

मी ते कुणाच्या नावे टाकायचं ते टाकलं.

तिनं गावं काढली, आणि ती काढताना हात राखला नाही. पहिलं ग्रिमेंत्स, काळ्या पडलेल्या जुन्या लाकडी घरांचं. दुसरं विलर, एका अरुंद खोऱ्यातलं, तिथून लोखंडी पाळण्यात बसून वर उतारावर जायचं. तिसरं बोगद्यापलीकडं इटलीत, माकुन्यागा, समोर भिंतीसारखा उभा डोंगर.

"माकणी?" ईश्वरप्पा ओरडले. "माकणीला तर आम्ही धरण बघायला जातो!"

"माकुन्यागा, काका."

"आन् स्टेशनवरनं गावात कसं जायचं?"

"पोस्टाची बस असते. पिवळी."

"पोस्टाची? मंग पोचायला लई उशीर होईल हो ताई."

पुढंपुढं त्यांच्या मंडळीच फोन करायला लागल्या. महानंदाकाकू. त्यांना थंडीचे कपडे समजून घ्यायचे होते. आतून अंगाला चिकटणारा थर, वर जाकीट, हातमोजे, डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढायची टोपी, डोळ्यांवर मोठा चष्मा.

"अगं मीरा, म्हंजे आपल्या माकडटोपीसारखंच की."

"हाव काकू. फक्त डोळे उघडे."

"अगं बाई! म्हंजे बुरखाच झाला!"

"तसाच, काकू," ती म्हणाली. यावर दोघी इतक्या हसल्या की रविकांतनं दार लावून घेतलं.

काकूंनीच मग सांगितलं, मीरा बरोबर येणार असेल तरच बायका येतील. आठ जणांमागं टूर नेणाऱ्याची एक जागा असतेच. रविकांतला इंग्रजी येत नाही आणि थंडी सोसत नाही. म्हणजे ती जागा मुबश्शिराची. जिलानीभाईंनी पंधरा दिवस घेतले, लातूरची माणसं कशी आहेत ते विचारलं. "घरंदाज हायेत, अब्बू. काकू रोज फोन करतात," तिनं सांगितलं, आणि त्यांनी होकार दिला. तिचा कोरा पासपोर्ट आला, तेव्हा तिनं तो मला असा दाखवला जसं एखादी नवी सून माहेरचा दागिना दाखवते. भोकरच्या पलीकडं एका लग्नाला आणि एकदा हैदराबादला, एवढाच तिचा आजवरचा प्रवास. भिंतीवरच्या नकाशातल्या त्या तीन गावांत तिची प्रत्येक गल्ली बोटानं चालून झाली होती. आता पायानं चालायची होती.

अडचण एकच. व्हिसाच्या कागदांवर मीरा चालणार नव्हतं.

"कागद कोण वाचतंय?" रविकांत म्हणाला.

"सर, हैदराबादला व्हिसाच्या ऑफिसात मोठ्यानं नाव पुकारतात. तेव्हा मी उठू का बसून ऱ्हाऊ?"

लातूरला खरं नाव सांगणं रविकांतनं आजचं उद्यावर ढकललं, उद्याचं दसऱ्यावर. शेवटी लातूरहून निरोप आला की सगळे जमतो, कपडे घालून बघतो, सह्या करतो, मीराताईंना घेऊन या. तेव्हा पर्याय उरला नाही. गाडी चालवायला मी, कारण रविकांत घाट नसलेल्या रस्त्यावरही घाबरतो.

ऑक्टोबरचं ऊन होतं. अहमदपूर गेलं. लातूरची पाटी दिसल्यावर रविकांत मागं वळला.

"मुबश्शिरा, आत जाताना तेवढा नकाब..."

"सर," ती म्हणाली, "नाव तुम्ही घेतलं. कपडे ऱ्हाऊ द्या माझे."

त्यानं पुन्हा पुढं तोंड केलं. शेजारून मला त्याचा फक्त एक कान दिसत होता.

ईश्वरप्पांचं घर दुकानाच्या वर. दिवाणखान्यात गाद्या घातलेल्या, त्यावर गल्लीतली मंडळी, मधोमध जाकिटांचा ढीग. आम्ही तिघं शिरलो. "या, या, रविकांतराव!" झालं. मला "बसा, साहेब" झालं. तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं झालं. वाटेत कुणाला तरी गाडीत घेतलं असेल, असं त्यांनी धरलं असावं. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

चहा आला. कपांना आरशासारखी चकाकी. भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरचे कप ते, जाड स्टीलचे, काठाला पितळी रेघ. सगळ्यांना ते, आणि ट्रेच्या कोपऱ्यात एक कागदी.

पूर्वी असं कुणासाठी कान तुटलेला कप कोनाड्यात वेगळा ठेवत. तो दिसायचा, म्हणून त्यावर बोलता तरी यायचं. कागदी कपाचं तसं नाही. तो स्वच्छतेसाठी असतो. खाली दुकानात भांड्यांच्या चळती छताला टेकलेल्या, आणि वर एका माणसापुरता स्टीलचा कप कमी पडला. तिनं तो घेतला. प्यायला नाही, धरून ठेवला.

"मीराताई कुठं ऱ्हायल्या?" ईश्वरप्पांनी विचारलं. "थांबा, आधी हे बघा." त्यांनी टोपी डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढली, वर चष्मा चढवला, हातात दोन काठ्या धरल्या, गुडघे वाकवून गादीच्या कडेला उभे राहिले. "रोज गच्चीवर करतो. सांगा त्यांना. दोन्ही गुडघे एकदम फिट. बोलवा हो ताईंना, खाली गाडीत बसवलं का काय?"

रविकांतनं तोंड उघडलं.

"काका, वजन पुढं घ्या," दाराजवळून आवाज आला. "मागं गेलं की माणूस पडतो."

त्या खोलीत तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. महिनोनमहिने त्यांनी तो कानाला लावला होता. महानंदाकाकू हातातला ट्रे घेऊन जागच्या जागी थांबल्या. त्यांची नजर तिच्या डोळ्यांकडं गेली, तिथून कागदी कपाकडं, आणि तिथंच राहिली.

"मी मुबश्शिरा," ती म्हणाली. "मीरा फोनवर."

ईश्वरप्पा गुडघे वाकवूनच उभे होते. पंखा चालू होता तरी खोली तापलेली, आणि ते लोकरीच्या टोपीत. कुणालाही वाटेल की आता काढतील. काढली नाही. हळूच गादीवर बसले, चष्म्यासकट. बाकीच्यांना एका कपाची लाज होती. ईश्वरप्पांकडं फोनवरचं ते वाक्यही होतं, आणि ते त्यांच्याशिवाय फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. त्यांचा चष्मा माझ्याकडं वळला, रविकांतकडं वळला. तिच्याकडं वळेना.

तिनं कप खुर्चीखाली ठेवला आणि नकाशा उलगडला. गाडी कुठं बदलायची, पहिले दोन दिवस लहान मुलांच्या उतारावर मास्तरांबरोबर कसं शिकायचं, हातमोजे ओले झाले तर काय करायचं, असं सगळं ती फोनवरच्यासारखंच सांगत गेली. फक्त "काका" म्हणायची तिथं थोडी थांबत होती.

मलप्पा म्हणून त्यांचे शेजारी होते, बिचारा साधा माणूस. त्याला खोलीतला जडपणा हलका करायचा होता.

"ताई, एवढ्या मोठ्या आल्प्सात हीच गावं कशी काढली? काय बघून?"

टोपीच्या आत श्वास थांबलेला मला दिसला. लोकर आतबाहेर होत होती, ती थांबली.

मुबश्शिरानं नकाशाची घडी घातली. "काकांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "गर्दी नको म्हणून."

लोकर पुन्हा हलायला लागली, पण फार जोरात. तिनं सांगून टाकलं असतं तर ते भांडले असते, नाकबूल झाले असते, तिचंच चुकलं म्हणाले असते. त्यातलं काहीच करायची तिनं सोय ठेवली नाही. सह्या झाल्या. आम्ही निघालो तेव्हाही त्यांनी टोपी काढली नव्हती, आणि घामाची धार गळ्यावरून सदऱ्यात चालली होती.

परतीच्या रस्त्यावर रविकांत एकदाच बोलला. "मीच आधी सांगायला पाहिजे होतं."

"कुणाला, सर?" तिनं विचारलं.

दोन दिवसांनी ईश्वरप्पांचा फोन आला. थेट रविकांतच्या मोबाईलवर. गुडघा दुखतोय, डॉक्टर नको म्हणाले, टूर राहू द्या. मला वाटलं होतं, राग म्हणून मोडतील. रागानं मोडली असती तर सरळ हिशेब होता. ही टूर शरमेनं मोडली. दहा दिवस त्या पोरीच्या मागं बर्फात चालणं आणि तिनं हात देऊन उठवणं त्यांना झेपणार नव्हतं. म्हणजे शरम त्यांची, आणि घरी बसायचं तिनं.

तिनं भिंतीवरचा नकाशा काढला नाही. पासपोर्ट ड्रॉवरमधून काढून पर्समध्ये ठेवला, एवढंच. मग रामेश्वरच्या एका गिऱ्हाइकाला गाडीची वेळ सांगितली. रविकांत बाहेर जाऊन उभा राहिला.

आठवडाभरानं दुपारी ऑफिसचा फोन वाजला.

"मीरा... न्हाई. थांब." महानंदाकाकू होत्या. "मु-बश्-शिरा. बरोबर हाय का? सकाळपासून म्हणून बघतेय. हे बघ पोरी, ह्यांचा गुडघा ह्यांच्यापाशी. आम्ही सगळे येणार हाव. जाकिटं काय लातुरात घालायची का? आन् त्या दिवशीचं... तो कप मीच भरला होता. दुसऱ्या कुणी न्हाई."

"काकू, टोपी जरा मोठी घ्या," मुबश्शिरा म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला कानाला घट्ट होत होती." फोन ठेवल्यावर बराच वेळ ती टेबलावरची धूळ पुसत होती. धूळ नव्हती.

नंतर डिसेंबरात असाच एक फोन मी उचलला. ती जेवायला गेली होती. पलीकडं ईश्वरप्पा. माझा आवाज त्यांनी ओळखला.

"भीमाशंकरराव, ताई न्हाईत ना तिथं? एक विचारायचं होतं. ते नाव... शला श जोडायचा असतो का? आधी अर्धा, मंग पूर्ण?"

मी अक्षर अक्षर सांगितलं. त्यांनी तीनदा वाचून दाखवलं. माफीची चिठ्ठी असावी असं मी धरलं.

संक्रांत झाल्यावर निघायचं ठरलं. सकाळी गोलाईत दुकानासमोर गाडी उभी, हैदराबादपर्यंत. मी तिला नांदेडहून घेऊन गेलो होतो. गारठा होता, निम्मी मंडळी आत्ताच टोप्या घालून बसली होती. ईश्वरप्पा साध्या माकडटोपीत पायरीवर उभे. सगळं सामान चढल्यावर ते पुढं आले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात दिलं.

"प्रवासात लागंल."

स्टीलचा ग्लास. जाड, काठाला पितळी रेघ. आणि काठाखाली मशीननं टाकलेलं नाव. भांडी घेतली की नाव टाकून घ्यायची आपल्याकडं पद्धत आहे, दुकानात त्याला वेगळा माणूस असतो. पण हे अक्षर त्या माणसाचं नव्हतं. थरथरलेलं, एका ठिकाणी घसरलेलं. शला श मात्र नीट जोडलेला.

"बरोबर लिहिलंय, काका," ती म्हणाली. आवाज फोनवरचा होता, न थांबता म्हटलेल्या "काका"सकट. ईश्वरप्पांचा चेहरा दुकान उघडल्यासारखा झाला. मी त्यांच्या खात्यावर जमा करायला घेतलं.

"सगळ्यांच्या ग्लासांवर टाकलंय का हो नाव?" काकूंनी गाडीच्या दारातून विचारलं.

"न्हाई. ताईंच्यापुरतंच."

"म्हंजे हिचा वेगळा."

त्यांनी आधी बायकोकडं बघितलं, मग ग्लासाकडं. इतके दिवस मशीनवर बसून, शला श जोडत, त्यांनी पुन्हा तेच करून ठेवलं होतं, आणि या वेळी कोरून. उघडलेलं दुकान बंद झालं. "तसं न्हाई गं," ते म्हणाले, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

काकूंनी थर्मास उघडला. मुबश्शिराच्या हातातून तोच ग्लास घेतला, चहा ओतला, उभ्याउभ्या दोन घोट घेतले. "गोड झालाय," म्हणाल्या आणि उरलेला तसाच तिच्या हातात दिला. तिनं नकाब जरा उचलून तो संपवला. मग मलप्पानं मागितला, त्याला दिला. ग्लास खिडकीतून आत गेला, कुणाच्या तरी मांडीवर, मग फराळाच्या पिशवीत बाकीच्या भांड्यांबरोबर पडल्याचा आवाज आला. गाडी निघाली.

ईश्वरप्पा आणि मी उरलो. तो ग्लास जमा धरायचा की नावे, हे माझं अजून ठरलेलं नाही. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "गुडघा कसाय?"

"कुठला?" ते म्हणाले.

मग त्यांना आठवलं. त्यांनी माकडटोपी खाली डोळ्यांपर्यंत ओढली, वळले, आणि दुकानाचं शटर उचलायला वाकले. दोन्ही गुडघे अगदी छान वाकले.